ताळ्याच्या खुणा

"आई, चौदा झाले."

टेबलाच्या पलीकडच्या टोकाला लेक गणितं सोडवत बसली होती, अलीकडे मी आणि माझा लॅपटॉप. मी मान वर न करताच म्हटलं, "छान. उरलेली पण उरकून टाक." तर म्हणाली, "गणितं नाही गं. तू चौदा वेळा श्वास धरलास." आणि वही माझ्याकडे वळवली. शेवटच्या पानावर, चौकटींत नीट बसवलेल्या ताळ्याच्या खुणा. चार उभ्या रेघा आणि त्यांना छेदणारी एक तिरकी, असे दोन गठ्ठे, पुढे सुट्या चार. तो धडा नुकताच झाला होता आणि तिला मोजायला काहीतरी हवं होतं. खिडकीतून दिसणाऱ्या गाड्या मोजून झाल्या, मग समोर बसलेली आई. "मी कधी धरते श्वास?" मी विचारलं. "तो टुंग आवाज येतो ना, तेव्हा. अशी होतेस." तिने करून दाखवलं. खांदे कानाच्या पाळ्यांपर्यंत वर, ओठ घट्ट मिटलेले, डोळे एका जागी खिळलेले आणि छाती अगदी स्थिर. दोन-तीन सेकंद तशीच बसून राहिली, मग गाल फुगवून सगळी हवा सोडून दिली. "आणि वाचून झालं की फुस्स."

मला हसू आलं. तिच्या नकलेचं थोडं कौतुकही वाटलं. मग दहाएक मिनिटांनी टुंग वाजलं आणि मी स्वतःलाच रंगेहाथ पकडलं. पोट आत ओढलेलं, श्वास गळ्याशी अडकलेला, जीव मुठीत. मेल काय होता? "तिसऱ्या फाइलचं नाव बदललं आहे, कृपया नोंद घ्यावी." टेबलाच्या पलीकडे पेन्सिल कागदावर एकदाच खरखरली. तिरकी रेघ. पंधरा.

तेव्हापासून ते डोक्यातून जाईना. आपल्याकडे श्वासाचा आणि कष्टाचा हिशेब एकाच शब्दात मांडलेला आहे. चढ चढून माणूस दमतो, त्याला दम लागतो, मग तो जरा दम खातो. घाई करणाऱ्याला आपण 'दम धर' म्हणतो, वरिष्ठ दम देतात, आणि ज्याच्यात दम असतो तो टिकतो. मी दिवसभर खुर्चीत बसून असते. भाषांतर आणि संपादन हे माझं काम. त्यात उचलायचं ते फार तर एखादं क्रियापद वाक्याच्या मधून शेवटी. तरी रोज संध्याकाळी तोंडातून 'दमले बाई' निघतंच, आणि आजवर ते म्हणताना मला जरा लाजच वाटायची. शरीराने राबणाऱ्या माणसाचा शब्द आपण फुकट वापरतोय, असं वाटायचं. वहीच्या त्या पानाने निदान तेवढी लाज कमी केली. दम खरोखरच लागत होता. एका तासात पंधरा वेळा.

शोधत गेले तर कळलं की हे आधीच एकीच्या लक्षात आलेलं आहे. लिंडा स्टोन ही पूर्वी अ‍ॅपल आणि मायक्रोसॉफ्टमध्ये काम केलेली बाई. सकाळी श्वासाचे व्यायाम करून ती मेल बघायला बसायची, आणि तिला जाणवलं की मेल उघडताना आपला श्वास थांबतो. व्यायामाने जे कमावलं ते दोन मिनिटांत गेलं. मग तिने सुमारे 200 लोकांना बोलावून त्यांच्याकडे नीट पाहिलं, तर 80 टक्के लोक तसंच करत होते. 2008 मध्ये तिने या प्रकाराला 'ईमेल अ‍ॅप्निया', म्हणजे मेलपायी श्वास थांबणं, असं नाव दिलं. प्रयोगशाळेतला काटेकोर प्रयोग नव्हता तो, घरगुतीच होता. म्हणजे माझ्या लेकीच्या वहीपेक्षा फक्त थोडा मोठा. मला त्यातली उरलेल्या 20 टक्क्यांची गोष्ट जास्त आवडली. त्यांत नर्तक होते, वादक होते, खेळाडू होते, एक वैमानिकही होता. ज्यांना कधीतरी कुणीतरी शिकवलेलं असतं की हाताने काहीही चालू असो, श्वास चालू ठेवायचा. आम्हाला कीबोर्डवर दहा बोटं कशी ठेवायची तेवढं शिकवलं. नाकाबद्दल कुणी काही बोललं नाही.

असं नेहमीच नव्हतं, हेही आठवतं. मी काम सुरू केलं तेव्हा मेल 'बघायला जावं' लागायचं. टेलिफोनची तार मोडेममध्ये खुपसायची, मग तो यंत्राचा खाकरण्या-किंचाळण्याचा लांबलचक आवाज, मग कनेक्शन लागलं तर लागलं. पाच-सहा मेल उतरवून घ्यायचे आणि लगेच तोडायचं, कारण घरात कुणालातरी फोन करायचा असायचा. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. मधला सगळा वेळ कुणी आपल्याला शोधत असेल, तर शोधू दे. मला त्या काळाचे गोडवे गायचे नाहीत. एका चुकलेल्या जोडपत्रापायी पूर्ण दिवस वाया गेलेले मला आठवतात, आणि लेक तान्ही असताना घरून काम करता आलं ते याच नव्या सोयींमुळे. एवढंच की तेव्हा टपालाच्या पेटीपर्यंत मी चालत जायचे. आता पेटी माझ्या खिशात आहे, आणि ती मला हाका मारते.

त्या हाकांच्याही आधी आला हिरवा ठिपका.

चॅटमध्ये नावाशेजारी दिसणारा. काही मिनिटं कीबोर्डला हात लागला नाही की तो विझतो. आता एक कबुली देते. मागे एकदा दुपारी डोकं फार दुखत होतं म्हणून मी पंधरा मिनिटं आडवी झाले. पडदा ओढला, डोळ्यांवर ओढणी घेतली. लॅपटॉप उशाशी उघडाच ठेवला होता, आणि पांघरुणातून एक हात बाहेर काढून दर थोड्या वेळाने मी माऊस हलवत होते. बाकीची सगळी मी रजेवर, तो एक हात कामावर हजर. डोकं दुखायचं अर्थातच थांबलं नाही. ही गोष्ट मी पुढे हसत हसत बऱ्याच जणांना सांगितली. तेही हसले आणि हळूच म्हणाले, मीपण करतो. यातली खरी बोच पुढेच आहे. मला कुणीही विचारलं नसतं. माझी टीम भली आहे. 'डोकं दुखतंय, अर्धा तास नाही' एवढं लिहिलं असतं तर 'आराम कर' असंच उत्तर आलं असतं. मी कुणाला फसवत होते हे मला अजून नीट सांगता येत नाही.

काम केल्याने मी दमत नाही, असं मला हळूहळू वाटायला लागलंय. एखादा अवघड उतारा तीन तास बसून सोडवला तर उठताना पाठ धरलेली असते, पण मन हलकं असतं. दमवतं ते काम करत असताना दुसऱ्या कामासाठी तयारीत बसणं. कान टवकारून बसलेल्या राखणीच्या कुत्र्यासारखं. तो दिवसभर जागचा हलत नाही, पण त्याला झोप लागलीय असं कोण म्हणेल?

ग्लोरिया मार्क या संशोधक बाईंनी सुरुवातीला ऑफिसात माणसांच्या मागे उभं राहून, हातात स्टॉपवॉच घेऊन हे मोजलं होतं. 2004 च्या सुमारास माणूस पडद्यावरच्या एका गोष्टीवर सरासरी अडीच मिनिटं टिकायचा. 2012 मध्ये 75 सेकंद. नंतरच्या वर्षांत 47 सेकंदांच्या आसपास. आकडा वाचून मी मान डोलावली आणि लगेच पुढच्या टॅबवर गेले, हेही नोंदवून ठेवते. पण त्यांच्या कामातली मला झोंबलेली गोष्ट वेगळी आहे. या व्यत्ययांपैकी जवळपास निम्मे बाहेरून येतच नाहीत, ते आपणच आपल्याला आणतो. टुंग वाजत नाही, तरी आपण बघून येतो. आणि 2008 च्या त्यांच्या एका प्रयोगात असं दिसलं की ज्यांना मध्येमध्ये तोडलं जातं ते लोक काम उलट लवकर संपवतात. वेग वाढवून वेळ भरून काढतात. फक्त वीसच मिनिटांत त्यांचा ताण, वैताग आणि घाईची जाणीव वर गेलेली असते. म्हणजे बाहेरून पाहणाऱ्याला वाटणार, बाई झपाट्याने काम करते. आत काय चाललंय ते फक्त समोर बसून रेघा ओढणाऱ्यालाच दिसणार.

माझ्या बाबतीत त्याचा पुरावा लेखी आहे. एका माहितीपुस्तिकेच्या एकाच पानावर मी एकाच शब्दाची दोन वेगळी भाषांतरं केली. वर 'झडप' आणि खाली 'पडदा'. वाचणाऱ्याला वाटावं, यंत्रात दोन भाग आहेत. जुनी चॅट उघडून वेळा पडताळल्या तेव्हा दिसलं, वरच्या आणि खालच्या वाक्याच्या मध्ये मी अकरा निरोपांना उत्तरं दिली होती, त्यांतली तीन नुसती अंगठ्याची. एक ना धड भाराभर चिंध्या. सोफी लरॉय या संशोधक बाईंनी 2009 मध्ये याचंच वर्णन केलं होतं: एका कामावरून उठून दुसऱ्यावर गेलं, तरी लक्षाचा काही अंश पहिल्यावरच चिकटून राहतो, विशेषतः ते अर्धवट सोडलेलं असेल तर. पातेलं घासलं तरी तळाशी करपलेलं राहतं, तसं. पुढे त्यांनी यावर एक साधा उपायही तपासून पाहिला. उठण्याआधी कुठे थांबलोय आणि परतल्यावर पहिलं काय करायचं, एवढं लिहून ठेवायचं. मी या गोष्टींबाबत संशयी आहे, पण ही मात्र मला लागू पडली. आता माझ्या पडद्याच्या कडेला पिवळ्या चिठ्ठ्या असतात आणि त्यांवर परक्या माणसाला वेडगळ वाटेल असं काहीतरी: "'तथापि'पासून पुढे. तिसऱ्या परिच्छेदाशी ताडून बघ. 'झडप'च!!" ते वाचून मी पुन्हा त्याच वाक्यात उतरते. चिठ्ठीतली बाई मला शांत वाटते. माझ्यापेक्षा जास्त.

मीटिंगांबद्दल फार लिहीत नाही, सगळ्यांनीच भोगलंय. फक्त एक. दिवसभर स्वतःचा चेहरा समोर ठेवून इतरांशी बोलत राहणं, असं याआधी माणसाने कधी केलं असेल? स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या जेरेमी बेलेन्सन यांनी 2021 मध्ये व्हिडिओ कॉलच्या थकव्याची चार कारणं मांडली, त्यांत हे एक होतं. बाकीची तीन: सगळ्यांचे डोळे सतत अगदी जवळून आपल्यावर रोखलेले, हालचालीला जागा नाही, आणि हुंकार-मान-भुवया हे एरवी आपोआप होणारं सगळं मुद्दाम करून दाखवावं लागतं. मी स्वतःचा चौकोन लपवायचं बटण दाबलं त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं की एक सहकारी बोलताना अडखळतो, आणि अडखळला की खाली बघतो. दोन वर्षं रोज भेटत होतो आम्ही. दोन वर्षं मी माझे केस बघत होते.

यंत्रापासून उठल्यावर तरी सुटका व्हावी, तर तिथेही घोळ. पूर्वी ऑफिस आणि घर यांच्यामध्ये एक प्रवास असायचा. गर्दीचा, घामाचा, नकोसा. पण त्या तासाभरात काम अंगावरून उतरायचं. आता मी लॅपटॉपचं झाकण लावते आणि त्याच टेबलावर ताटं मांडते. मांडीवर फोन थरथरल्यासारखा होतो, बघावं तर फोन पलीकडच्या खोलीत चार्जिंगला. हेही काही माझंच खूळ नाही. 2012 च्या एका अमेरिकन अभ्यासात कॉलेजच्या मुलांपैकी 89 टक्क्यांनी असा खोटा थरथराट अनुभवल्याचं सांगितलं होतं. न आलेल्या निरोपालाही मी हजर.

कायद्याने हे थांबेल का? फ्रान्समध्ये 1 जानेवारी 2017 पासून, पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या कंपन्यांना कामाच्या वेळेबाहेर संपर्क तोडण्याच्या हक्काविषयी कर्मचाऱ्यांशी बोलणी करावी लागतात. ऑस्ट्रेलियात ऑगस्ट 2024 पासून वेळेबाहेरच्या निरोपाला उत्तर न देण्याचा हक्क आहे, तो नकार अवाजवी नसला म्हणजे झालं. वाचून बरं वाटतं. ज्यांचे वरिष्ठ रात्री-अपरात्री दम देतात त्यांना असा कायदा हवाच, त्यात वाद नाही. पण त्याच सुमारास घडलेली एक गोष्ट मला गप्प करते.

रात्री अकरा वाजता मी टीममधल्या सगळ्यांत नव्या मुलीला मेल पाठवला. शेवटी आवर्जून लिहिलं, 'घाई नाही, सकाळी बघ.' चार मिनिटांत तिचं उत्तर आलं, फाइल दुरुस्त करून. आणि खरं सांगायचं तर, मला आधी आनंद झाला. किती तत्पर मुलगी आहे! झोपायला गेले, दिवा मालवला, आणि मग अंधारात ती दिसली. तिच्या घरात, कुठल्याशा खोलीत, खांदे वर गेलेले, ओठ मिटलेले. तिच्या घरातला टुंग मी होते. 'घाई नाही' हे शब्द त्या आवाजानंतर येतात, तोवर श्वास धरून झालेला असतो. आता रात्री सुचलेलं मी लिहून ठेवते आणि सकाळी साडेनवाची वेळ लावून देते. त्या मुलीशी यावर मी अजून बोललेले नाही. काय बोलणार, आणि कुठे? चॅटवर?

वहीच्या त्या पानानंतर मी बरेच उद्योग केले. सगळे आवाज बंद केले. मग कळलं की शांतता आवाजापेक्षा वाईट असते. काही आलं असेल का, या शंकेने मी पहिले तीन दिवस दर दोन मिनिटांनी बघत होते. मग मेल दिवसातून तीनदाच बघायचा नियम केला. कुश्लेव्ह आणि डन या दोन संशोधकांनी 124 लोकांवर हे करून पाहिलं होतं, एक आठवडा तीनदा, एक आठवडा मनाला येईल तेव्हा, आणि तीनदाच्या आठवड्यात लोकांचा ताण कमी निघाला. माझा आठवडा बुधवारी मोडला, शुक्रवारी पुन्हा उभा राहिला. आता चालू आहे, रांगत. डोळ्यांचंही काही केलं: पडद्याकडे बघताना पापण्या एरवीच्या निम्म्यानेही मिटत नाहीत म्हणतात, म्हणून दर वीस मिनिटांनी दूर बघायचं. डोळ्यांत तेल घालून काम करण्याचा आपल्याकडचा वाक्प्रचार फार शब्दशः घ्यायची वेळ आली होती. आणि सगळ्यांत मोठा विनोद म्हणजे मी एक श्वासाचं अ‍ॅप घेतलं. दर तासाला ते आठवण करून द्यायचं: 'खोल श्वास घ्या.' आठवण यायची एका छोट्या आवाजाने. तो वाजला की मी श्वास धरायचे.

लेकीची मोजणी मात्र चालू होती. रोज गृहपाठाच्या तासाला. ती वर तारीख घालायची, खाली रेघा. पंधरा. तेरा. पुन्हा तेरा. मग नऊ, सहा, चार. मी त्या पानाकडे चोरून बघायचे आणि आकडा उतरला की एकदम उत्साह यायचा. काम खरोखर बरं होत होतं, 'झडप' झडपच राहत होती. एका दिवशी दोनच रेघा होत्या. मी रात्री नवऱ्याला ते पान दाखवलं. तो म्हणाला, "वा." आणि त्याचा फोन उलटा करून ठेवला, निदान तेवढ्यापुरता.

गेल्या आठवड्यात पान कोरं दिसलं. तारीखही नाही. मी दुसऱ्या दिवशी बघितलं, तिसऱ्या दिवशीही कोरंच. शेवटी न राहवून विचारलं, "काय गं, शून्य का?"

"शून्य नाही. मी मोजणं सोडलं."

"का?"

ती पेन्सिलीला टोक करत होती. भुशाची लांब पाकळी तुटू नये म्हणून सगळं लक्ष तिकडे. "तू आता आवाज आला की आधी माझ्याकडे बघतेस," ती म्हणाली, "आणि मग मोठ्ठा श्वास घेतेस. मला दाखवायला. ते काय मोजायचं?"

मला काही सुचेना. पांघरुणाबाहेर काढलेला तो हात आठवला. मी नुसतीच बसून राहिले, आणि आपण श्वास घेतोय की धरलाय हे तपासायचंसुद्धा राहून गेलं.

तिने टोक फुंकलं, वही पुढे ओढली आणि आतल्या खोलीच्या उघड्या दाराकडे हनुवटी केली. तिथे बाबाची मीटिंग चालू होती. "आता मी बाबाचे मोजते," ती कुजबुजली. "त्याला माहीत नाहीये. सांगू नकोस हं."

आत कुठेतरी टुंग वाजलं. तिने पेन्सिल टेकवली.